पाचशे फुटांचा ड्राइव्हवे आणि पहिला ट्रॅक्टर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू यॉर्क राज्यात, सिरॅक्युजच्या दक्षिणेला, टेकड्यांच्या बाजूला घर घेतलंय. सहा एकर जागा, त्यातलं दोनेक एकर गवत, बाकी झाडी. घरापासून रस्त्यापर्यंत पाचशे फुटांचा खडीचा ड्राइव्हवे, तोही उताराचा, आणि मधला शंभर-सव्वाशे फुटांचा तुकडा टेकडी कापून काढलेला, म्हणजे दोन्ही बाजूंना दरड. बजेट तीस हजार डॉलर. डीलर म्हणतो चाळीस हॉर्सपॉवरचा घ्या, ऑफिसमधला मित्र म्हणतो कुबोटाच्या बीएक्ससारखा छोटा पुरे. ट्रॅक्टर बायकोलाही चालवता यायला हवा. आणि शेवटी विचारलंय, महिंद्रा घेतला तर कसा?

मी निफाड तालुक्यात द्राक्षबागेत वाढलो आणि गेली एकोणीस वर्षं इथे, सिरॅक्युजच्या पट्ट्यात छोट्या ट्रॅक्टरांची दुरुस्ती करतोय. माझाही ड्राइव्हवे खडीचा आणि उताराचा आहे. तेव्हा आधी उत्तर देतो, मग कारणं.

तुम्ही दोघांपैकी कुणाचंच ऐकू नका. पंचवीस हॉर्सपॉवरच्या आतलं इंजिन, पण चौकट कॉम्पॅक्ट ट्रॅक्टरची, नुसत्या ट्रॅक्टरचं वजन अडीच हजार पौंडांच्या आसपास, फोर व्हील ड्राइव्ह, हायड्रोस्टॅटिक गिअर (गिअर न बदलता पायाच्या पेडलवर पुढे-मागे जाणारा), पुढे लोडर, म्हणजे बकेट उचलणारे हात. मागे पीटीओवर, म्हणजे इंजिनावर फिरणाऱ्या दांड्यावर चालणारा पाच फुटी स्नो ब्लोअर, बर्फ उचलून लांब फेकणारा. मागच्या चाकांत द्रव भरलेलं आणि वर चेन. गवतासाठी वेगळं, जुनं चालेल, बसून चालवायचं मोअर. तीस हजारांत हे बसतं, पण सगळे पैसे ट्रॅक्टरवर घातले तर बसत नाही. सात-आठ हजार अवजारांसाठी आधीच बाजूला काढून ठेवा.

आता कारणं. आपल्याकडे बर्फ काढणं म्हणजे ढकलणं असं वाटतं. पहिले दोन हिवाळे मलाही तसंच वाटायचं. खरं काम असतं बर्फ ठेवायला जागा शोधण्याचं. सिरॅक्युजला सरासरी हिवाळ्यात सव्वाशे इंचांच्या आसपास बर्फ पडतो. लेक ऑन्टारिओवरून येणारी वाफ थंड वाऱ्यात सापडली की पट्टेच्या पट्टे कोसळतात. तुमच्या ड्राइव्हवेचा हिशोब करा. पाचशे फूट लांब, बारा फूट रुंद, म्हणजे सहा हजार चौरस फूट. एक फूट बर्फ पडला की सहा हजार घनफूट. ताजा, भुसभुशीत बर्फ घनफुटाला पाच पौंड धरला तरी तीस हजार पौंड, साडेतेरा टन झाले. तोच बर्फ दोन दिवस बसून दबला, वर पाऊस पडला, की वजन दुपटी-तिपटीच्या वर जातं. आणि ही एका वेळची गोष्ट.

हा माल जायचा कुठे? मोकळ्या भागात कडेला ढकलता येतो. नोव्हेंबर-डिसेंबरात ब्लेड मस्त चालतं, माणूस खूश असतो. पण कडेचे ढीग गोठून दगड होतात. प्रत्येक वेळी नवा ढीग जुन्याच्या अलीकडे पडतो, आणि जानेवारीच्या शेवटी बारा फुटांचा रस्ता आठ फुटांचा झालेला असतो. तुमच्या दरडीच्या तुकड्यात तर ढकलायला जागाच नाही. दोन्ही बाजूंना भिंत. तिथे बर्फ उचलून लांब फेकावाच लागणार, म्हणजे ब्लोअर लागणार. तुमचा ड्राइव्हवे सपाट मैदानात असता तर मी नुसतं ब्लेड आणि बकेट सांगितली असती आणि चार हजार डॉलर वाचवले असते. त्या शंभर फुटांनी निर्णय केलाय.

ब्लोअर पुढे लावायचा की मागे, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. पुढचा ब्लोअर चालवायला सुखाचा. समोर बघत जायचं, मान वळवायची नाही. पण त्याला ट्रॅक्टरच्या पोटाखालून निघणारा मिड पीटीओ लागतो, आणि तो बसवायचा तर लोडर उतरवावा लागतो. मग हिवाळाभर लोडर गोठ्यात. मागचा ब्लोअर साधा. मागे अवजारं अडकवायच्या नेहमीच्या तीन सांध्यांच्या लिंकेजवर चढतो, ५४० फेऱ्यांच्या पीटीओवर चालतो, किमतीला पुढच्यापेक्षा बराच कमी, आणि लोडर जागेवर राहतो. रिव्हर्समध्ये चालवावा लागतो हा त्याचा दोष. मान दुखते, हे खरं. पण हिशोब करा. ताशी दीड मैल वेगाने पाचशे फूट जायला चार मिनिटं लागतात. पाच फुटी ब्लोअरने तीन पट्टे काढायचे. रिकामं परत येणं धरून पाऊण तासात सगळं होतं, आणि त्यातली मान वळवलेली मिनिटं बारा-पंधरा. रोज अर्धा मैल काढणाऱ्या माणसाला मी पुढचाच घ्या म्हणेन. तुम्हाला लोडर अंगावर असण्याचा फायदा जास्त आहे.

त्याचं कारण ड्राइव्हवेच्या तोंडाशी आहे. टाउनचा प्लाऊ, म्हणजे बर्फ ढकलणारा ट्रक, रस्ता साफ करत जातो आणि तुमच्या तोंडाशी गुडघाभर उंचीचा बांध घालून जातो. रस्त्यावरचा दबलेला, मिठाने अर्धवट वितळून परत गोठलेला, आत बर्फाचे गोटे. यात ब्लोअर घातला तर तो कण्हतो. हे लोडरच्या बकेटचं काम आहे. एक युक्ती सांगतो, तिने दर हिवाळ्यात माझा निम्मा त्रास वाचतो. घराकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड करून उभे राहा. प्लाऊ डावीकडून येतो. तर तुमच्या तोंडाच्या डाव्या बाजूला, रस्त्याच्या कडेची दहा-पंधरा फूट पट्टी आधी साफ करून ठेवा. प्लाऊच्या पात्यावर साठलेला माल त्या खिशात पडतो आणि तुमच्या तोंडाशी येईपर्यंत पातं बरंचसं रिकामं झालेलं असतं. मात्र आपला बर्फ रस्त्यावर किंवा रस्त्यापलीकडे टाकायला न्यू यॉर्कमध्ये कायद्याने मनाई आहे. कुणाची गाडी त्यावर घसरली तर जबाबदारी तुमच्यावर येते.

आता ट्रॅक्टरचं वजन. आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, किती एचपीचा? इथेही तेच. बर्फात आणि उतारावर आधी वजन आणि पकड लागते, एचपी नंतर. सब-कॉम्पॅक्ट, म्हणजे कॉम्पॅक्टहून एक आकार लहान, कुबोटाचा बीएक्स किंवा जॉन डिअरचा १०२५आर, ही फार गुणी यंत्रं आहेत. मी ती शेकड्यांनी उघडलीत. पण नुसता ट्रॅक्टर धरला तर वजन चौदाशे-पंधराशे पौंडांच्या आसपास, चाकं लहान, पोट जमिनीजवळ. सपाट एकरभर जागा आणि डांबरी ड्राइव्हवे असेल तर डोळे मिटून घ्या. तुमच्या उतारावर, गुडघाभर बर्फात, तो चाकं फिरवत जागच्या जागी बसेल. त्यातला लोडर साताठशे पौंडच वर नेतो. ओल्या मातीची किंवा खडीची बकेट भरली की संपलं.

मग चाळीसचा का नाही? अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचे टिअर ४ नावाचे नियम आहेत. त्यात पंचवीस हॉर्सपॉवरच्या वरच्या डिझेल इंजिनांवरची मर्यादा इतकी कडक आहे की बहुतेक कंपन्यांनी धुरातली काजळी पकडणारा फिल्टर बसवलाय, त्याला डीपीएफ म्हणतात. म्हणूनच बाजारात २४.८ किंवा २३.९ असले विचित्र आकडे दिसतात. त्या फिल्टरमध्ये साठलेली काजळी इंजिन स्वतःच जाळून टाकतं, पण त्यासाठी इंजिन चांगलं तापून जोरात चालायला हवं. दिवसभर नांगरणाऱ्याला हे जाणवतही नाही. घरचा माणूस वीस मिनिटं चालवतो, कमी फेऱ्यांवर सरपण वाहतो आणि बंद करतो. मग फिल्टर चोंदतो, दिवा लागतो, आणि फेब्रुवारीत ट्रेलरवरून ट्रॅक्टर आमच्याकडे येतो. फिल्टर वाईट आहे असं मी म्हणत नाही. तुमच्या वापराला तो शोभत नाही. शिवाय चाळीसचा घेतलात तर पैसे तिथेच संपतील आणि ब्लोअर, चेन, वजन या गोष्टी पुढच्या वर्षावर जातील. पुढे नुसती बकेट आणि मागे काहीच नाही, असा चाळीसचा ट्रॅक्टर तुमच्या उतारावर चोवीसच्या सजवलेल्या ट्रॅक्टरपुढे हरतो.

इंजिनाचे सगळे हॉर्सपॉवर अवजाराला मिळत नाहीत, हेही लक्षात घ्या. हायड्रोस्टॅटिकमध्ये काही तेलातच खर्च होतात. पंचवीसच्या इंजिनाला पीटीओवर साधारण एकोणीस मिळतात. ब्लोअरला दर फुटाला चारच्या आसपास पीटीओ हॉर्सपॉवर धरायचे, म्हणजे पाच फूट जमतं, सहा फूट नाही. ब्लोअर मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडेपेक्षा रुंद मात्र हवाच, नाहीतर कापलेल्या पट्ट्यात तुमचीच चाकं मावणार नाहीत. गिअरचा ट्रॅक्टर स्वस्त मिळतो आणि बागेत मी आयुष्यभर तोच चालवला, पण लोडरच्या कामात पुढे-मागे, पुढे-मागे शंभर वेळा करावं लागतं. हायड्रोस्टॅटिकमध्ये ते पायाच्या पेडलवर होतं. तुमच्या पत्नीला एका दुपारी येईल.

आता ज्या भागासाठी मी हे उत्तर खरं म्हणजे लिहायला बसलो, तो भाग. या आकाराच्या जवळजवळ सगळ्या ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. पुढच्या चाकांना ब्रेक नसतो. लोडरमध्ये वजन भरलं की ट्रॅक्टरचा सगळा भार पुढच्या आसावर जातो आणि मागची चाकं हलकी होतात. म्हणजे ज्या चाकांना ब्रेक आहे, तीच जमिनीवर नीट टेकलेली नसतात. पुढे उतार आणि खाली बर्फ.

माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात, मार्च महिन्यात, मी बकेटभर ओली लाकडं घेऊन घरामागच्या उतारावरून खाली येत होतो. दुपारी वितळलेलं पाणी संध्याकाळी गोठलं होतं, वर बोटभर नवा बर्फ. मागे काही लावलेलं नव्हतं, आणि टू व्हीलमध्ये होतो, कारण वर मोकळ्या जागेत वळायला ते सोपं पडतं. उताराच्या वरच्या टोकाला ट्रॅक्टर सरकायला लागला. ब्रेक दाबला, मागची दोन्ही चाकं जागच्या जागी थांबली, आणि ट्रॅक्टर तसाच, आवाज न करता, घसरत राहिला. चाकं फिरत नाहीत आणि झाडं जवळ येतायत, हे दृश्य मी विसरलेलो नाही. मी बकेट जमिनीवर सोडली. तिची कड बर्फात रुतली आणि ट्रॅक्टर तिरका होऊन एका मेपलपासून हातभर अंतरावर थांबला. वयाच्या बाराव्या वर्षापासून ट्रॅक्टर चालवणाऱ्या माणसाचं हे झालं.

तेव्हा उतार उतरताना फोर व्हील आणि लो रेंज (हळू चालायचा गिअर), नेहमी, उन्हाळ्यातही. फोर व्हीलमध्ये पुढची चाकं मागच्यांशी गिअरने जोडलेली राहतात, त्यामुळे मागचा ब्रेक पुढच्यांनाही धरतो. बकेट जमिनीपासून वीतभर वर, त्याहून उंच नाही. आणि लोडर वापरताना मागे वजन. चाकांत भरलेलं द्रव पकडीला उपयोगी आहे, ते जरूर भरा, पण पुढच्या आसावरचा भार ते उतरवत नाही. तो भार उतरतो आसाच्या मागे, लिंकेजवर लटकवलेल्या वजनाने, तराजूच्या दुसऱ्या पारड्यासारखा. तुमचा मागचा ब्लोअर पाचशे पौंडांच्या घरात असेल. हिवाळ्यात तोच हे काम करतो, मी मागचा ब्लोअर सांगितला त्यात हेही एक कारण आहे. उन्हाळ्यासाठी वजनाची पेटी घ्या किंवा ड्रममध्ये काँक्रीट ओतून घरी बनवा.

चाकांत भरायला जुने लोक कॅल्शियम क्लोराइड वापरायचे. त्याने रिम गंजतात. हल्ली बिटाच्या रसापासून केलेलं द्रव मिळतं, गॅलनला अकरा पौंडांच्या आसपास भरतं. पाणी आठ पौंड आणि थोडं वर. शिवाय ते इथल्या थंडीत गोठत नाही आणि रिमही खात नाही. टायर आर४, म्हणजे औद्योगिक नक्षीचे घ्या. खडीवर आणि लोडरखाली ते टिकतात. बर्फावर मात्र ते एकटे चांगले नाहीत, रबर कडक आणि पट्टे रुंद. म्हणून चेन. शिडीसारखी साधी चेन घेतलीत तर दोन आडव्या कड्यांमधल्या जागी चाक घसरतं. चौकोनी जाळीची घ्या, महाग आहे, पण चाकाचा कुठला ना कुठला भाग कायम धरलेला राहतो. बसवल्यावर शंभर फूट चालवा, थांबा, परत ताणा. आधी मडगार्ड आणि लोडरच्या कण्यापासून किती जागा सुटते ते डीलरकडेच मोजून घ्या.

ब्लोअरबद्दल दोन गोष्टी. त्याच्या आत कापला जाणारा बोल्ट असतो, शिअर बोल्ट. आत लाकडाचा ओंडका, वर्तमानपत्राची गुंडाळी किंवा कुत्र्याचं खेळणं गेलं की हा बोल्ट मुद्दाम तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. तो दर हिवाळ्यात तुटणार. कुठे, तर दरडीच्या मधोमध. केव्हा, तर उणे अठरा सेल्सिअसला, पहाटे पाचला, कामावर निघायच्या आधी. तेव्हा सहा बोल्ट, दोन पाने आणि डोक्याचा दिवा ट्रॅक्टरवरच एका डब्यात ठेवा. हातमोजे घालून तो बारीक नट लावता येत नाही, आणि मोजे काढले की तीस सेकंदांत बोटं जुमानत नाहीत. म्हणून ऑक्टोबरात, उजेडात, एकदा बदलून बघा. हात आपोआप जातील. बोल्ट उत्पादकाने सांगितला तोच लावा. वारंवार तुटतो म्हणून एका गिऱ्हाइकाने मजबूत बोल्ट लावला होता. बोल्टच्या डोक्यावर सहा रेघा असल्या की तो ग्रेड ८ चा, कडक. कापायच्या जागी बहुधा बिनरेघांचा मऊ बोल्ट असतो. त्याचा बोल्ट तुटला नाही, गिअरबॉक्सचं कवच फुटलं, आणि दुरुस्तीचं बिल ऐकून तो बराच वेळ गप्प बसला.

दुसरी गोष्ट पीटीओची. ५४० फेऱ्या मिनिटाला, म्हणजे सेकंदाला नऊ. तीन इंच जाडीच्या दांड्यावर सेकंदात सात फूट कापड गुंडाळलं जातं. मळणीयंत्रात पदर अडकून काय होतं ते आपण गावाकडे ऐकत मोठे झालो. इथे थंडीत गळ्यात मफलर असतो, जॅकेटला नाड्या असतात. दांड्यावरचं प्लॅस्टिकचं कवच फुटलं तर त्याच दिवशी बदला. ब्लोअरची बर्फ फेकणारी नळी ओल्या बर्फाने चोंदली तर पीटीओ बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात, आणि मग काठीने मोकळी करा. हात घालायचाच नाही.

तसंच सीटच्या मागे उभी असलेली, ट्रॅक्टर उलटला तर माणसाला वाचवणारी सुरक्षा कमान. गॅरेजचं दार सात फुटांचं असलं की लोक ती दुमडतात आणि दुमडलेलीच ठेवतात. कमान वर असेल तेव्हा पट्टा बांधा, बाहेर निघताच ती वर करा. इथे ट्रॅक्टरवर माणसं मरतात ती बहुतेक उलटून. न्यू यॉर्कमध्ये जुन्या ट्रॅक्टरांना कमान बसवायला शेतकऱ्यांना पैसे परत देणारी योजना २००६ पासून आहे, त्यामागे हेच कारण. आणि भारतातून आई-बाबा येतील, नातवंडांना मडगार्डवर बसवून एक फेरी मारू म्हणतील. आपल्याकडे मडगार्डवर दोघं बसल्याशिवाय ट्रॅक्टर शेतातून निघत नाही, मीही तसाच शाळेत गेलो. इथे नाही म्हणा. बाबांना वाईट वाटलं तरी नाही म्हणा. सीट एक, माणूस एक.

थंडीतल्या डिझेलचं थोडक्यात सांगतो. साधं डिझेल उणे दहाच्या आसपास गढूळ होऊ लागतं, त्यातलं मेण सुटतं आणि फिल्टर बंद करतं. हिवाळ्यात पंपावर मिश्रण बदललेलं मिळतं. फसवतो तो सप्टेंबरात भरून कोपऱ्यात ठेवलेला कॅन. तो थंडीआधी संपवा, आणि गोठणविरोधी द्रव डिझेल पातळ असतानाच घाला, मेण झाल्यावर घालून उपयोग नाही. इंजिन गरम ठेवणारा ब्लॉक हीटर ट्रॅक्टर घेतानाच बसवून घ्या, टायमरवर दोन तास आधी चालू. सुरू केल्यावर दहा मिनिटं तसाच सोडा. हायड्रोस्टॅटिकचं तेल थंड असताना मधासारखं असतं, पेडल दाबलं की ट्रॅक्टर रडतो.

उन्हाळ्याच्या अवजारांत पहिला नंबर माझ्या मते लोडरवरच्या काट्यांचा, पॅलेट फोर्क्सचा. ओंडके, दगड, सरपणाची खोकी, पडलेलं झाड, सगळं त्यावर जातं. त्यासाठी लोडर झटपट जोडणीचा, स्किड स्टीअर नावाच्या छोट्या लोडर यंत्राला चालते तीच जोडणी असलेला मागा. काही छोट्या ट्रॅक्टरांवर बकेट पिनांनी कायमची अडकवलेली येते, ती घेऊ नका. दुसरा नंबर मागच्या ब्लेडचा. वसंतात खडी परत जागेवर आणायला आणि नोव्हेंबरातल्या तीन-चार इंचांच्या बर्फाला ते पुरतं, ब्लोअर काढायचीही गरज नाही. रोटाव्हेटर, ज्याला इथे टिलर म्हणतात, त्याचा मोह मराठी माणसाला हमखास होतो. भाजीच्या वाफ्यासाठी वर्षातून एक शनिवार लागतो. भाड्याने आणा. खड्डे पाडायचा ऑगरही भाड्यानेच. बॅकहो तर घेऊच नका, त्या पैशात खोदाईवाला चार वेळा येऊन जाईल. पोटाखालचं मोअर मी सुचवलं नाही, कारण ते काढत-घालत बसावं लागतं आणि आर४ टायर ओल्या गवतात चरे पाडतात. झाडीच्या कडेच्या रानगवताला पुढेमागे रोटरी कटर घ्या.

महिंद्राचं विचारलंत. कंपनी अमेरिकेत १९९४ पासून आहे, ह्यूस्टनला. लाल रंग बघून आपल्याला घरचं वाटतं, मलाही वाटतं. पण इथे त्या नावाने विकले गेलेले छोटे ट्रॅक्टर वर्षानुवर्षं कोरिया आणि जपानमधल्या कारखान्यांकडून येत होते. ते वाईट नाहीत, चौकट भरीव असते. २०२३ मध्ये आलेली ओजा मालिका मात्र तेलंगणात जहीराबादला बनते. तशी रंगांची गंमतच आहे, हिरव्या १०२५आरच्या आतलं इंजिन यानमारचं, म्हणजे जपानी. यंत्र म्हणून यातलं कुठलंही तुम्हाला वीस वर्षं पुरेल. निवड डीलरवरून करा. वीस मैलांच्या आत कोण आहे? जानेवारीत बंद पडला तर न्यायला येतो का, आणि किती दिवसांत परत देतो? मागच्या बाजूला, पार्ट्सच्या खिडकीवर जा आणि त्या मॉडेलचा हायड्रॉलिक फिल्टर आत्ता मिळेल का विचारा. शेल्फवरून काढून देतो की मागवावा लागेल म्हणतो, यातून तुम्हाला विक्रेत्याच्या तासाभराच्या बोलण्यापेक्षा जास्त कळेल. शून्य टक्के व्याज देत असतील तर रोखीचा भाव वेगळा विचारा. बहुतेक वेळा तो कमी असतो.

पत्नीला घेऊन जा आणि दोघंही प्रत्यक्ष चालवा. क्लचपर्यंत पाय पोचतो का, पेडल पुढे-मागे दाबताना पोटरी अवघडते का, आणि मागे वळून बघताना कमानीचा खांब नेमका नजरेआड काय करतो. जाड जॅकेट घालून बसून बघा. जुलैत टीशर्टवर सगळेच ट्रॅक्टर मोठे वाटतात.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घ्या. ऑक्टोबरच्या शेवटी इथल्या डीलरांकडचे ब्लोअर संपलेले असतात. जमीन गोठायच्या आधी ड्राइव्हवेच्या दोन्ही कडांना केशरी काठ्या ठोका, दर वीस-पंचवीस फुटांवर, वळणाला जवळजवळ, आणि ड्राइव्हवेखालून पाणी नेणाऱ्या नळीचं तोंड जिथे आहे तिथे दोन. पहिले दोन बर्फ पूर्ण काढू नका. ब्लोअरखालचे घसरबूट इंचभर खाली सोडा, म्हणजे तळाशी एक थर राहील. तो दबून गोठला की खडी त्याखाली बांधली जाते आणि ब्लोअरमधून दगड उडणं थांबतं. सुरुवातीपासूनच रस्ता हवा त्यापेक्षा चार फूट रुंद काढा, ती जागा फेब्रुवारीत लागते. आणि पहिल्या हिवाळ्यासाठी गावातल्या एखाद्या प्लाऊवाल्याला आत्ताच बोलून ठेवा, गरज पडली तरच येईल असं. नोव्हेंबर २०२२ मध्ये बफेलोजवळच्या ऑर्चर्ड पार्कला एकाच वादळात ऐंशी इंच पडला होता. तसं काही आलं तर तुमच्या नव्या ट्रॅक्टरबरोबर आणखी एक मोठं यंत्र लागेल, आणि त्या दिवशी फोन करून कुणी मिळत नाही.

दरडीच्या तुकड्याचा फोटो आणि तिथे वारा कुठून येतो तेवढं कळवा. पश्चिमेकडून येत असेल तर ब्लोअरची नळी कुठल्या बाजूला वळवायची आणि त्या बाजूला स्नो फेन्स, म्हणजे वाऱ्याचा बर्फ अडवणारं कुंपण, लावून फायदा होईल का, ते सांगतो.